टीनाबद्दल एक चांगलं

रुखमाला जगात कोणाचंच काही पटत नाही, असं तिच्यासोबत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बाया म्हणत. तिच्या तोंडावर मात्र कोणी म्हणत नसे. मेघाचा रोवणा म्हणजे तिच्या मते कोंबडीनं उकरलेलं अंगण. दुसरी कोणी बांदीत, धानाच्या वाफ्यात, कमरेवर हात ठेवून जरा उभी राहिली, की "झालं काय बाई, बाळंत होतेस काय बांदीतच?" असं मागून यायचंच. बाया हसायच्या, जिच्यावर बोलणं आलं तीही हसायची आणि पुन्हा वाकायची. तरी हंगाम आला की सगळ्या रुखमाच्याच टोळीत येत. मालकाशी बोलायला, चहा उशिरा आला तर तसं सांगायला, ढग फाटला तर काम थांबवायला तोंड लागतं, आणि गावात तसं तोंड एकीलाच होतं.

त्या वर्षी पाऊस आला आणि निघून गेला. आंबागडच्या किल्ल्याच्या डोंगरावर रोज दुपारी ढग जमत आणि पलीकडे उतरत. पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, तयार होऊन बसले होते, रोप वाढून पिवळं पडत चाललं होतं, आणि कोरड्या बांद्यांत चिखल करायला पाणी नव्हतं. पाणी होतं ते तलावाखाली, पुंडलिकरावच्या बांद्यांना. त्यामुळे गावातल्या सगळ्या हातांना तेवढं एकच काम होतं, आणि ते पुंडलिकरावला माहीत होतं. तो धुऱ्याच्या बांधावर खुर्ची टाकून बसे. रुखमाचा नवरा हेमराज त्याचाच ट्रॅक्टर चालवी, बांदीत गोल गोल फिरून चिखल करी. मागून बगळे आणि त्यांच्या मागून बाया.

हेमराजबद्दल रुखमाचं मत लग्नानंतरच्या पहिल्याच रोवण्यात ठरलं होतं. बोलायची वेळ आली की बिडी पेटवणारा माणूस. तिनं ते मत कधी बदललं नाही आणि त्यानंही ते बदलण्यासाठी कधी काही केलं नाही.

आणि टीना. चौथीतली पोरगी, अंगानं काडी, डोळे मोठे. बोलायला गेली की पहिल्या अक्षरावरच तिची गाडी रुते. ओठ थरथरत, मान ताठ होई, एक पाय जमिनीवर आपटे, तेव्हा कुठं शब्द निघे. रुखमाला तेवढा धीर नव्हता. "तुयाच्यानं काही होत नाही," ती म्हणे, आणि पोरीच्या हातातलं काम ओढून घेई. घागर सांडली तरी तेच, चूल विझली तरी तेच, पाढा अडला तरी तेच. त्यात राग नसायचा. अंगणातून शेण उचलावं तसं ते वाक्य ती सहज उचलायची आणि टाकायची.

शाळेत त्या वर्षी नवीन उपक्रम आला होता. पोरांचा आत्मसन्मान वाढवायचा, असं वरून आलं. सोबत रंगीत फलक आले. 'मी खास आहे', 'मी काहीही करू शकतो'. रोज प्रार्थनेनंतर प्रत्येक पोरानं आरशासमोर उभं राहून ते म्हणायचं. आरसा मात्र वरून आला नव्हता. तो पुंडलिकरावनं दिला, कारण तो शाळा समितीचा अध्यक्ष होता आणि त्याच्या घरी नवीन कपाट आलं होतं. जुन्या कपाटाचा आरसा काढून व्हरांड्यात लावला आणि खालच्या भागात लाल रंगानं त्याचं नाव लिहवून घेतलं. अक्षरं एवढी मोठी, की पहिलीतल्या पोरांना आरशात आपलं फक्त कपाळ आणि डोळे दिसत. नाका-तोंडाच्या जागी पुंडलिकराव.

हे सगळं करवून घ्यायचं काम मंजुषा मॅडमकडे होतं. ती भंडाऱ्याच्या कोष्टी घरातली, बापाचा हातमाग अजून घरात खडखडत होता. तुमसरला खोली करून राहायची आणि स्कूटीनं यायची. नोकरीचं पहिलंच वर्ष. तिला हे खरंच वाटायचं, हीच तिची अडचण होती. गावातल्या इतर लोकांना उपक्रम म्हणजे उपक्रम, आला तसा जाईल. ही मात्र पोरांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारी, "आज तुला स्वतःमधलं काय आवडलं?" आणि पोरं घाबरून एकमेकांकडे बघत.

तिनं आयांची सभा बोलावली. रुखमा चिखलाचे पाय तसेच घेऊन गेली, दारातच बसली. मॅडम सांगत होती की मुलांना घालूनपाडून बोलू नका, रोज जेवताना मुलाची एक चांगली गोष्ट त्याला सांगा. बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मग मॅडम म्हणाली, आता प्रत्येकीनं आपल्या मुलाबद्दल एक चांगलं सांगा.

कोणाचा पोरगा गाईला पाणी दाखवायचा, कोणाची पोरगी अक्षर चांगलं काढायची. मेघा म्हणाली, तिचा पोरगा झोपेत हसतो. मॅडमला तेही आवडलं. रुखमाची पाळी आली. टीना इतर पोरांसोबत भिंतीला टेकून बसली होती आणि आईकडे बघत होती.

रुखमानं खरंच एकदा आठवून पाहिलं. पटकन काही सापडलं नाही, आणि सापडेपर्यंत थांबणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"खाते बराबर," ती म्हणाली.

सगळी खोली हसली. बाया हसल्या, पोरं हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं टीना हसली. मान मागं टाकून, दात दाखवून. मॅडम तेवढी हसली नाही. सभा संपल्यावर तिनं रुखमाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "टीनाची आई, ती ऐकते सगळं."

"ऐकते त काय झालं?" रुखमा म्हणाली. "माह्या मायबापानं माह्याबद्दल कधी एक चांगला शब्द नाही काढला. माहं काय बिघडलं?"

मंजुषा मॅडमनं तिच्याकडे पाहिलं. रुखमाला ते पाहणंच लागलं. घरी जाताना तिनं वाटेत मेघाला सांगितलं की हातमागावरच्या पोरी शिकल्या की अशाच होतात, सुतासारख्या. ओढलं की तुटतात.

दोन-चार दिवसांनी रुखमा दुपारी घरी आली. विळा विसरला होता. सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतून, कोणीतरी बोलत होतं. रुखमा थांबली. तो आवाज तिचाच होता.

कुडाच्या फटीतून तिनं पाहिलं. टीना शाळेतून जेवायला आली असावी. तिनं पऱ्ह्यांच्या वाळक्या पेंड्या, रोपांच्या जुड्या, ओळीनं उभ्या केल्या होत्या, मेंढरं उभी करावी तशा. हातात काडी. कमरेवर दुसरा हात. एकेका पेंडीसमोर जाऊन ती बोलत होती, "तू कायले उभी आहेस? तुयाच्यानं काही होत नाही. सरक. आन् तू, तुले जीभ नाही काय? बोल ना. नाही बोलत? खा मंग बराबर." काडीनं तिनं त्या पेंडीला आडवं केलं. एका अक्षरावर अडली नाही. शब्द कसे सरसर, तुरीच्या शेंगा सोलाव्या तसे.

रुखमाच्या मनात आधी राग आला, पोरगी आपली नक्कल करते म्हणून. मग राग कुठं ठेवावा हे तिला कळेना. तिनं कूड हलवला. "टीना!"

पोरीच्या हातातली काडी पडली. "आ... आ... आ..." ती म्हणाली आणि पाय आपटू लागली.

"शाळेत जा," रुखमा म्हणाली. विळा घेऊन ती निघाली. बांदीवर दिवसभर ती कोणाला काही बोलली नाही. बायांना चुकल्यासारखं वाटलं. मेघानं तर विचारलं, ताप-बिप आहे काय म्हणून.

मग शाळेत कार्यक्रम ठरला. उपक्रम बघायला जिल्ह्याहून साहेब येणार होते. मॅडमनं प्रत्येक पोराला एकेक वाक्य दिलं. टीनालाही दिलं. आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि 'मी खास आहे' म्हणायचं, बस. पोरगी सांदवाडीत, नळावर, अंथरुणात तेच पुटपुटत राहिली. एकटी असली की बरोबर यायचं. रुखमा ऐकायची आणि दुसरीकडे तोंड करायची. खास म्हणे. खास असायला काय झालं, शेपटी फुटली काय, असं एकदा तिच्या ओठावर आलं. ते तिनं भाकरीसोबत गिळलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव धुऱ्यावर आला. खुर्चीत न बसता उभाच राहिला, म्हणजे काही सांगायचं होतं. उद्या सकाळच्या पाळीत सगळ्या बायांनी शाळेत यायचं, हातपाय धुऊन, बऱ्या लुगड्या-साड्यांत. साहेबांना गावच्या माता दिसल्या पाहिजेत. जेवढा वेळ तिकडे जाईल तेवढा संध्याकाळी बांदीत भरून द्यायचा. बायांनी वाकल्या वाकल्याच माना हलवल्या. रुखमा काही म्हणणार, तेवढ्यात तो तिच्याकडे वळला.

"आन् रुखमा, तुयी ते तोतरी पोरगी समोर नोको. मॅडमले सांगून देल्लं मी. सायब वेळ काढून येऊन राहिले, ते काय 'म-म-म' ऐकाले? राहू दे मागं, पाणीगिणी देईन." मग त्याला काही आठवलं आणि तो खुशीत आला. "तूच त सांगतलं होतं ना सभेत. खाते बराबर."

बाया हसल्या. त्यांना हसायची सवय होती. ट्रॅक्टरवर बसलेल्या हेमराजनं इंजिनचा आवाज वाढवला आणि ट्रॅक्टर दूर नेला. आणि रुखमाच्या लक्षात आलं की आपलंही तोंड फाकलेलं आहे, आपणही दात दाखवतो आहोत, मान मागं टाकून. तिनं हसणं बंद केलं. हातातलं रोप तिनं चिखलात इतकं खोल खोवलं की नुसतं टोक वर राहिलं.

गंमत तिचीच होती. तिनंच भर सभेत काढून दिली होती, आणि गावात ती कोणाच्याही तोंडी जाऊन बसली होती. पुंडलिकरावचा तिला राग आला, पण हा राग नेहमीसारखा सोपा नव्हता. त्याला नावं ठेवायला गेलं की पहिलं नाव आपलंच यायचं.

घरी गेल्यावर तिनं टीनाला काही सांगितलं नाही. पोरगी वेणी घालून मागत होती, उद्यासाठी दोन वेण्या, लाल फिती. रुखमानं घातल्या. जरा जास्तच घट्ट.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात शामियाना होता. बाया खाली सतरंजीवर, खुर्च्यांवर पुंडलिकराव, समितीचे लोक आणि मधोमध साहेब. साहेब तरुण होते, घामेजलेले, मोबाईलवर सारखं काही बघत होते. त्यांना अजून पुढच्या गावी जायचं होतं असं दिसत होतं. सगळ्या फलकांना हळदीकुंकू लावलं होतं. आरशालाही हार.

टीना मागं माठाजवळ उभी होती, हातात स्टीलचा ट्रे, त्यात ग्लास. लाल फिती तशाच. रुखमानं मंजुषा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं माईकची वायर सरळ करायला घेतली, जी सरळच होती.

पुंडलिकराव बोलायला उभा राहिला. बालकांचं मन फुलासारखं असतं, असं तो म्हणाला. त्याला कोमेजू देऊ नये. आमच्या गावात आम्ही एकाही बालकाला कमी लेखत नाही. हे तो पाठ करून आला होता आणि मधे दोनदा अडला, पण कोणी हसलं नाही. रुखमाच्या बाजूला बसलेली मेघा टाळ्या वाजवत होती. मेघा कशावरही टाळ्या वाजवते, रुखमाला वाटलं. हिला सापळ्यात घातलं तरी ही टाळ्या वाजवेल.

मग पोरं आली. पुंडलिकरावचा नातू अंकुर पहिला. तो आरशासमोर उभा राहून खणखणीत म्हणाला, मी खास आहे, मी हुशार आहे, मी नेता होणार. ही बातमी सगळ्यांना आधीच माहीत होती. मग बाकीची, एकामागून एक, विहिरीतून बादल्या निघाव्या तशी. सगळ्यांचा सूर एकच, सगळ्यांची नजर आरशातल्या लाल अक्षरांवर.

टीनानं साहेबांपुढे ट्रे धरला. साहेबांनी ग्लास उचलला आणि सहज, माणूस बोलायला काही नसलं की बोलतो तसं विचारलं, "ही नाही का बोलणार?"

"ते लाजाळू आहे, सायब," पुंडलिकराव म्हणाला. "पण सेवाभाव लय आहे तिच्यात."

मंजुषा मॅडमनं तोंड उघडलं आणि मिटलं. रुखमा ते बघत होती. मिटलं म्हणजे मिटलं. आता हे असंच संपणार, पोरगी ट्रे घेऊन माठाकडे जाणार आणि संध्याकाळी बांदीत वेळ भरून द्यायचा.

रुखमा उठली. गुडघे धरून उठावं लागलं, रोवण्याच्या दिवसांत गुडघे असेच होतात. "लाजाळू नाही जी ते," ती म्हणाली. "अडखळते. पाठ आहे तिले. बोलू द्या."

पुंडलिकराव हसला, हातानं बस म्हणाला. रुखमा बसली नाही. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला आणि बोलू द्या ना, असं म्हणाले. टीना ट्रे घेऊन तशीच उभी. रुखमानं जाऊन तिच्या हातातला ट्रे घेतला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहिली, ट्रे धरून.

टीनानं आरशाकडे पाठ केली. तसं करायचं नव्हतं, पण तिनं केलं, आईकडे तोंड करायला. "मा... मा... मा..." ओठ थरथरले. मान ताठ झाली. पाय आपटू लागला. मागून अंकुर आणि त्याचे सोबती फिसकन हसले. शब्द येईना. बाया खाली बघू लागल्या.

"छान, छान, शाबास," पुंडलिकराव म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागून समितीचे लोक, मग बाया, मेघाही. टाळ्यांचा असा जोर झाला की पोरगी त्यात दिसेनाशी व्हावी.

"टाळ्या कायले?" रुखमा म्हणाली. तिचा आवाज बांदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, शामियाना काय चीज. "तिचं संपलं काय? संपू त द्या."

टाळ्या थांबल्या. इतक्या एकदम थांबल्या की सगळ्यांना लाज वाटली. टीनाचा पाय अजून आपटत होता. साहेब घड्याळाकडे बघणार होते ते राहिले. आणि मग, पुष्कळ वेळानं, दगड सरकावा तसा शब्द सरकला. "माझं नाव टीना... हे... हेमराज... मेश्राम." तेवढंच. 'मी खास आहे' ती म्हणालीच नाही. विसरली, की म्हणावंसं वाटलं नाही, कोणाला माहीत. तिनं आईकडे येऊन ट्रे परत घेतला आणि माठाकडे गेली.

साहेब म्हणाले, वा. फोटो निघाले, त्यात अंकुर मधे होता. मग गाडी निघून गेली.

संध्याकाळी वेळ भरून द्यायचा प्रश्नच आला नाही. बांदीवर दुसऱ्या गावच्या बाया ट्रॉलीतून उतरत होत्या. पुंडलिकराव खुर्चीत बसला होता. त्यानं रुखमाकडे पाहिलंही नाही, हेमराजला सांगितलं की ट्रॅक्टरची चावी पुतण्याकडे दे. हेमराजनं चावी दिली. मेघा आणि बाकीच्या बायांना त्यानं नवीन टोळीत यायचं असेल तर या म्हटलं. त्या उभ्या राहिल्या, रुखमाकडे बघत, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मग एक बांदीत उतरली, मग दुसरी. मेघा शेवटी उतरली आणि उतरताना रडली. रुखमाला वाटलं, रडते तर उतरते कशाला? पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्याही घरी चुली होत्या.

घरी हेमराज पहिल्यांदा बोलला. "तुया तोंडानं घर बसलं," तो म्हणाला.

"तुमच्या तोंडानं उभं होतं काय?" रुखमा म्हणाली.

त्यानं बिडी काढली. काडी ओढली नाही. तशीच बिडी हातात धरून तो म्हणाला, "नाव पुरं सांगतलं म्हणे तिनं. मायं बी." एवढं म्हणून तो बैल नसलेल्या गोठ्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मंजुषा मॅडम स्कूटीवर आली. अंगणातच उभी राहिली. डोळे सुजलेले होते. अध्यक्ष तिची तक्रार करणार होते, असं तिनं सांगितलं. पण ते सांगायला आली नव्हती. "मी बोलायला हवं होतं, रुखमाताई. तुम्ही उठेपर्यंत मी गप्प बसले."

रुखमा भांडी घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत. मॅडमचा तिला तिटकाराच आला होता, त्या वायरीपासून. सुतासारखी म्हटलं ते काही चुकलं नाही, असं तिला वाटत होतं. पण समोर उभी होती ती पोरगीच होती, बापाच्या घरापासून दूर, ओठ चावत.

"दिवसभर पोराईले म्हणवता, मी काहीही करू शकतो," रुखमा म्हणाली. "तुमच्याच्यानं एक शब्द नाही निघाला."

"नाही निघाला," मॅडम म्हणाली.

रुखमानं घासलेला गंज पालथा घातला. "मले बी नाही सांगता आलं ना, त्या दिवशी. पोटची पोरगी आहे, एक चांगलं नाही सापडलं." राखेचे हात तिनं बघितले. "आपण दोघी सारख्याच. बसा. चहा घ्या. दूध नाही."

मॅडम काळा चहा पिऊन गेली. त्यानंतर तिनं आरसा काढला नाही, तेवढी हिंमत तिच्यात नव्हती. पण टीना उत्तर द्यायला उठली की ती वर्गाला थांबवून धरू लागली. टीना मेश्रामचं संपलं नाही अजून, असं म्हणायची. हे टीनानंच घरी सांगितलं. सांगायला तिला वेळ लागला.

त्या आठवड्यात रुखमा आणि हेमराज दोघं मिळेल त्या गावी गेले. कुठं काम मिळालं, कुठं आंघोळ करून गेले तसेच स्वच्छ परत आले. मग पाऊस आला, पलीकडे न उतरता इकडे उतरला, आणि तलावाच्या शेपटाकडची त्यांची स्वतःची बांदी भरली. दरवर्षी ती सगळ्यांत शेवटी व्हायची, पुंडलिकरावचं आटोपल्यावर. यंदा पहिल्या दिवशीच ते उतरले. ट्रॅक्टर नव्हता. हेमराजनं शेजाऱ्याचे बैल आणून चिखल केला. रविवार होता, टीनाही आली. ती धुऱ्यावरून पेंड्या टाकू लागली. मग म्हणाली, मलाही रोवायचं.

"ये," रुखमा म्हणाली.

पोरीचं रोवणं वाईट होतं. अर्धी रोपं आडवी, अर्धी तरंगत. रुखमाच्या जिभेवर चार गोष्टी येऊन बसल्या आणि चारही तिनं चघळत ठेवल्या. हळूहळू पोरीची बोटं आत जायला लागली. वरून बारीक पाऊस, पाठीवर प्लास्टिकची झिल्ली, तिघंही वाकलेले, मागं मागं सरकत.

"आई," टीना म्हणाली, "काल अंकुर म्हणे मले, तुयी आई झगडाखोर आहे. गावभर झ... झगडे करते म्हणे."

हेमराज रोवायचा थांबला.

"मंग?" रुखमा म्हणाली.

"मंग मी म्हटलं त्याले..." आणि गाडी रुतली. "हो... हो..." हातात रोप, चिखलात पाय आपटता येईना, नुसतीच मान ताठ. हेमराज काहीतरी सुचवायला गेला. रुखमानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा वाकला. ती मात्र वाकली नाही. पाणी तिच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून चिखलात गळत होतं. अर्धी बांदी अजून बाकी होती, रोप हातात तसंच होतं, आणि ती उभी राहिली.

"हो आहे," टीना म्हणाली. "म्हटलं, हो, आहे."

रुखमानं पोरीकडे पाहिलं. काही म्हणायला हवं होतं. तिनं हेमराजकडे तोंड फिरवलं आणि ओरडून विचारलं की पेंड्या काय आभाळातून पडणार आहेत, पोरीच्या हाताशी एकही नाही ते दिसत नाही काय.